नाकावरचा शिक्का

१

आमच्या गल्लीतली घरं खांद्याला खांदा लावून उभी आहेत. दोन घरांत एकच विटेची भिंत. त्यामुळे शेजारच्या गॅम्बलांकडे कोण शिंकलं ते मला कळतं, आणि मी नवऱ्याला काय सुनावलं ते त्यांना. माझा नवरा गॉर्डन म्हणतो, "बेरिल, तुझं नाक एक दिवस त्या भिंतीत अडकणार, आणि ते काढायला मला गवंडी बोलवावा लागणार." म्हणू दे. मोज्यांचा कारखाना बंद पडल्यापासून मी घरीच होते, आणि इस्त्री करताना हातांना काम असतं, कानांना नसतं.

त्या दुपारी मी उशांचे अभ्रे इस्त्री करत होते. पलीकडून आवाज आला. पच्, ठप्. जरासं थांबून पुन्हा पच्, ठप्. कुणीतरी एखादी वस्तू ओल्या स्पंजावर दाबावी आणि लगेच लाकडावर आपटावी, तसा. लय इतकी सारखी की माझी इस्त्री आपोआप तिच्या तालावर चालायला लागली. मी उमेदीची सगळी वर्षं कारखान्यात घालवलीत. नगावर पैसे मिळणाऱ्या माणसाच्या हाताला एक लय असते. ती मी झोपेतसुद्धा ओळखेन.

म्हटलं, डेस आज घरीच दिसतोय. डेस म्हणजे डेस्मंड गॅम्बल. शहराची बस चालवतो. मनात हे यायला आणि कोपऱ्यावरून त्याचीच बस वळायला एकच गाठ पडली. खिडकीत मला बघून त्याने नेहमीसारखा हात केला. मीही केला. बस निघून गेली, आणि माझ्या पाठीमागे भिंतीत पच्, ठप् चालूच.

त्या घरात तेव्हा एकटी थेल्मा होती, डेसची बायको. उन्हाळ्यात तिला मेंदूचा झटका आला, तेव्हापासून वाचा गेलेली आणि डावा हात लाकडासारखा पडलेला. आणि थेल्मा जन्माची डावरी.

मी इस्त्री बंद केली.

२

गॅम्बलांची एक किल्ली माझ्याकडे असते, आमची त्यांच्याकडे. मी पुढचं दार उघडलं. आवाज थांबला.

थांबला म्हणजे कसा, ते सांगते. पाण्याचा नळ थांबतो तसा नाही. वर्गात बाई शिरल्या की पोरी जशा गप्प होतात, तसं ते घर गप्प झालं.

थेल्मा मागच्या खोलीत खुर्चीत बसलेली. डेसने तिचा पलंग त्याच खोलीत खाली आणला होता, कारण जिना तिला जमेना. समोर चाकांचं छोटं मेज, त्यावर तिचे हात. बागेत वाळत घातलेले कपडे दिसत होते. भिंतीला लावलेली डेसची खोकी जिथल्या तिथे. मेजावर काहीच नव्हतं, मी वाकून मेजाखालीही बघितलं.

"काय गं बदके, कसला आवाज होता?" मी विचारलं. इंग्लंडात, आमच्या या लेस्टरात, दूधवाल्यापासून पाद्र्यापर्यंत सगळे सगळ्यांना मायेने बदक म्हणतात.

थेल्मा काय उत्तर देणार? पण तिचे डोळे हसत होते. झटक्यानंतर पहिल्यांदाच.

खोलीला शाईचा वास येत होता. मी जवळ गेले तर तिचे केस कुणीतरी डाव्या कानामागे नीट खोचलेले. सकाळी डेसने विंचरून दिले असतील, म्हटलं. मग कानामागचा डाग दिसला. जांभळा, अंगठ्याएवढा. केस खोचणाऱ्याचा हात शाईने बरबटलेला असावा, तसा.

मी मनाची समजूत घातली. डेस सकाळी पेनने काहीतरी लिहीत असेल. रुमालाला थुंकी लावून डाग पुसला. पुसताना लक्षात आलं की शाई ओली आहे.

३

आता त्या खोक्यांबद्दल सांगायला हवं.

डेसला अमेरिकन कॉमिक्सचा नाद. आमच्या लहानपणी ती जहाजांतून यायची. म्हणतात, तळाशी भार म्हणून टाकलेली असायची. वर किंमत छापलेली बारा सेंट. आमच्याकडे सेंट कुणाच्या खिशात? म्हणून ती आधी आमच्याच गावातल्या एका वखारीत यायची, आणि तिथे पोरी एका रांगेत बसून एकेका मुखपृष्ठावर रबरी शिक्का मारायच्या. जांभळ्या शाईचं गोल, आत 'नऊ पेन्स'. मग ती देशभर दुकानांत जायची.

जमवणारे लोक त्या शिक्क्याला नाकं मुरडतात. त्यांना कोरी प्रत हवी. शिक्का म्हणजे चांगल्या चेहऱ्यावरचा देवीचा व्रण. डेसचं उलटं. त्याला शिक्क्याचीच प्रत हवी, आणि तीही कुठलाही शिक्का असलेली नको. शनिवारी बाजारात जुन्या पुस्तकांच्या गाळ्यावर भिंग घेऊन बसायचा. गोष्ट कुठली, नायक कुठला, बघायचा नाही. शिक्का कुठे आहे आणि कुठे कलला आहे, तेवढंच.

कारण थेल्मा त्या वखारीत होती. डेस तिथे गठ्ठे गाडीत चढवायचा आणि ही सोळा-सतरा वर्षांची पोरगी शिक्के मारायची. बाकीच्या दिसेल तिथे ठोकायच्या. थेल्मा आधी चित्र बघायची. कुणाच्या चेहऱ्यावर कधी नाही. आकाश असेल तर आकाशात, समुद्र असेल तर समुद्रात, नाहीतर एखाद्या रिकाम्या भिंतीवर. डाव्या हाताचा म्हणून शिक्का किंचित कललेला. "सातशे प्रतींत एक तिची ओळखतो मी," डेस म्हणायचा. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी बायकोने लग्नाआधी मारलेले शिक्के जमवणारा नवरा मी दुसरा पाहिला नाही. गॉर्डनला माझा लग्नातला हातमोजा कुठे आहे ते विचारा!

ज्या अंकांची जहाजं आमच्याकडे आलीच नाहीत, त्यांच्या कोऱ्या प्रती डेसला ओहायोचा एक मित्र पाठवायचा. त्यांवर शिक्का असायचा प्रश्नच नव्हता. अर्धवट राहिलेल्या गोष्टींचे शेवट त्यांत असायचे. कामावरून आला की तो ते थेल्माला वाचून दाखवायचा.

पण दिवस अवघड होते. हाताला व्यायाम देणारी पोरगी सांगून गेली होती की एव्हाना बोटं थोडी तरी हलायला हवी होती. डेसने बस सोडली तर खाणार काय, आणि नाही सोडली तर थेल्माला बघणार कोण? मी होते, पण मी शेजारीण. कौन्सिलची, म्हणजे नगरपालिकेची, बाई शुक्रवारी येणार होती. हातात जीव दिसला तर थेल्मा घरी राहणार, मदतीला माणूस मिळणार. नाही दिसला तर गावाबाहेरच्या होममध्ये, म्हणजे आजारी-म्हाताऱ्यांच्या आश्रमात, एक पलंग रिकामा होता. तिथून परत आलेलं कुणी आमच्या गल्लीत नव्हतं.

४

दुसऱ्या दिवशी आम्ही जेवत होतो. डुकराचं मांस भरलेली पेस्ट्री आणि लोणचं. डेस मागच्या दाराने आत आला, टोपीसुद्धा न काढता.

"बेरिल, हे तू केलंस?"

"काय केलं? बस आधी. चहा घे."

"चहा नको. हे तू केलंस का?"

त्याने एक कॉमिक टेबलावर ठेवलं. डगला उडवत चाललेला एक धिप्पाड माणूस, आणि बरोबर त्याच्या नाकावर जांभळा शिक्का. नऊ पेन्स.

"हे गेल्या आठवड्यात ओहायोहून आलंय," डेस म्हणाला. "मीच पाकीट फोडलं. कोरं होतं. आता माझ्या घरात माझ्यामागे कोण असतं? तूच."

"आणि मी शिक्का आणला कुठून? मोज्यांवर मारायचा?"

"मला काय माहीत! तुझी घरभर उचकपाचक चालू असते."

"उचकपाचक? तुझ्या बायकोचे मोजे शिवते मी, डेस्मंड गॅम्बल. तुझ्या भोकं पडलेल्या बनियनांबद्दल तर बोलतच नाही!"

गॉर्डनने पेस्ट्री चावत चावत कॉमिक उजेडात धरलं. "वस्तूवर खोटा शिक्का मारून तिची किंमत कमी करणारा चोर पहिल्यांदाच बघतोय," तो म्हणाला. "आणि जुन्या पैशातला. जुने पेन्ससुद्धा कुणी घेत नाही आता. हा शिक्का बनवणार तरी कोण?"

खरं सांगायचं तर मला डेसचाच संशय होता. दुःखाने माणूस काय काय करतो. बायकोचा हात पडला, म्हणून हा स्वतःच बसून तिचे शिक्के मारत असेल. पण मग बस कोण चालवत होतं? आणि तो एवढा पांढरा का पडला होता?

"डेस," मी म्हटलं, "काल तुझी बस गेली ना, तेव्हा मी तुमच्या भिंतीतून आवाज ऐकला." आणि पच्, ठप् कसं ते टेबलावर बोटांनी वाजवून दाखवलं.

तो खाली बसला. गॉर्डनचा चहा त्याने उचलला आणि पिऊन टाकला.

५

डेस आणि मी त्यांच्या मागच्या खोलीत गेलो. थेल्मा पलंगावर झोपली होती. डेसने ओहायोचं खोकं उघडलं आणि भिंग घेतलं.

वरची सगळी कॉमिक्स शिक्क्यांची झाली होती. एकावर शिक्का अगदी कोपऱ्यात, कागदाबाहेर सांडलेला. एकावर उलटा. एकावर इतका फिकट की मारणारीने शाई पुन्हा घ्यायचा कंटाळा केला असावा. आणि नाकांवर. घोडेस्वाराच्या नाकावर, राक्षसाच्या नाकावर, किंचाळणाऱ्या सुंदरीच्या नाकावर.

"हे थेल्माचे नाहीत," डेस म्हणाला.

"मग कोणाचे?"

"नाकावर मारणारी एकच होती. रीटा स्वान. मुद्दाम मारायची. फोरमन ओरडला की म्हणायची, 'साहेब, याला सर्दी झालीय, पुसतेय.' हसून हसून गठ्ठे पडायचे माझ्या हातातून."

"मग तिलाच विचारू की. कुठे असते?"

"गिलरोजला."

गिलरोज म्हणजे आमची दफनभूमी.

डेस झोपलेल्या थेल्माकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "वखारीतल्या तिच्या मेजावरच्या सगळ्या गेल्या, बेरिल. एकेक करून. हीच तेवढी राहिलीय." त्याने खोक्याचं झाकण लावलं, दाबून धरलं. "बोलवायला आल्यात तिला."

मला 'छे' म्हणायचं होतं. पण कानामागचा तो ओला डाग मी स्वतःच्या थुंकीने पुसला होता.

त्याने त्याच संध्याकाळी सगळी खोकी बागेतल्या शेडमध्ये हलवली. कुलूप लावलं. मला म्हणाला, "शुक्रवारी ती बाई आली की मी सही करतो. होममध्ये तरी उजेड असतो, माणसं असतात. इथे ठेवली तर घेऊन जातील." ज्याने इतके आठवडे 'माझी बायको कुठेही जाणार नाही' म्हणून सगळ्यांशी भांडण काढलं, तो हे बोलत होता. आणि बोलताना त्याने थेल्माची चप्पल पिशवीत भरायला घेतली होती.

६

गुरुवारी दुपारी मी थेल्माजवळ बसले. शेवटची दुपार, म्हटलं. तिला गल्लीतल्या बातम्या सांगितल्या. अमक्याने कुंपण रंगवलं, तमकीची मांजर पुन्हा व्यायली. ऊन मेजावर पडलं होतं. मन इतकं भरून आलं की मी चहा ठेवायला म्हणून उठले.

त्यांच्या स्वयंपाकघरात आणि मागच्या खोलीत भिंतीला एक लाकडी झडप आहे, ताटं पलीकडे सरकवायला. ती बोटभर उघडी होती. किटली गॅसवर ठेवली, डब्यातून बिस्किटं काढली.

पच्, ठप्.

हातातलं बिस्किट कसं खाली ठेवलं ते आठवत नाही. पाइप असेल, म्हटलं. कबुतरं असतील. खोकी तर शेडमध्ये आहेत, कुलपात. पच्, ठप्. मग कागद सरकल्याचा आवाज, आणि कुणीतरी हसू दाबलं. थेल्माचं हसू मला माहीत आहे. हे ते नव्हतं.

मला पळून जायचं होतं. पण माझा स्वभाव सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. मी वाकले आणि फटीला डोळा लावला.

मेजाचा एक तुकडा तेवढा दिसला. त्यावर थेल्माचा डावा हात, पालथा. त्याच्याशेजारी एक कोपर. फिकट हिरव्या झग्याची बाही वर दुमडलेली, कोपराला खरचटल्याची खपली. एका हाताने एक कॉमिक थेल्माच्या हातापुढे सरकवलं आणि तो हात मागे गेला. मग कुणीच काही केलं नाही. सगळी खोली थांबून राहिली. थेल्माच्या हाताची वाट बघत असावी, तशी थांबली. रांगेत कुणाची पाळी असते आणि बाकीचे घाई करत नाहीत, तशी. तो हात हलला नाही. तेव्हा दुसऱ्या बाजूने, जिथे मला काही दिसत नव्हतं, तिथून एक हात आला, जांभळ्या बोटांचा, थेल्माच्या हातावरून ओलांडून गेला. ठप्. कॉमिक पुढे सरकलं. पुढचं आलं. पुन्हा सगळे थांबले.

घाबरायचं तेवढी मी घाबरले. पण डोळा काढेपर्यंत भीतीच्या खालून दुसरंच काहीतरी वर येत होतं. हे मी बघितलं होतं. शंभर वेळा बघितलं होतं.

किटली किंचाळली. खोली गप्प झाली, त्या दिवशीसारखी. मी आत गेले तेव्हा मेज रिकामं होतं आणि थेल्मा माझ्याकडे बघत होती.

७

"गॉर्डन! थेल्माजवळ येऊन बस!"

"मी? एकटा?"

"एकटा नाहीयेस, घाबरू नकोस," म्हटलं, आणि तो त्यावर विचार करेपर्यंत मी कोट चढवून मोठ्या रस्त्याच्या थांब्यावर पोचले होते.

डेसची बस आली. मी चढले आणि त्याच्या कठड्यापाशीच उभी राहिले.

"डेस, त्या तिला न्यायला आलेल्या नाहीत."

"बेरिल, मी बस चालवतोय."

"चालव की. कानाने चालवतोस का?"

"ड्रायव्हरशी बोलू नये असं लिहिलंय वर," मागून एक काठीवाले आजोबा म्हणाले. "मला दवाखान्यात जायचंय, पोरी."

"बोलू द्या हो तिला," भाजीच्या पिशव्या घेतलेली एक बाई म्हणाली. "घरातलं प्रकरण दिसतंय. आमच्याकडेपण हे असंच."

"एवढंच सांग," मी डेसला म्हटलं. "वखारीत असताना रीटा कधी आजारी पडली होती?"

"कावीळ झाली होती. बरेच आठवडे. का?"

"मग तिचे गठ्ठे कोण मारायचं?"

पुढे सिग्नल लाल झाला. डेसने बस थांबवली. तोंड समोरच ठेवून म्हणाला, "सगळ्या मिळून. स्वतःचे संपवून तिचे. थेल्मा जास्त. नाहीतर रीटाचा आठवड्याचा पगार बुडाला असता, आणि जागा गेली असती."

"आणि फोरमन?"

"त्याला कळायचं ना. रीटाच्या गठ्ठ्यातली नाकं स्वच्छ असायची. पण तो बघून न बघितल्यासारखं करायचा."

"आमच्या कारखान्यात तेच. जॉयसचं ऑपरेशन झालं तेव्हा तिच्या वाटणीचे डझन आम्ही वाटून घेतले, तिच्या नावाची चिठ्ठी लावली. पण एडना कायमची मुलीकडे राहायला गेली, तेव्हा? तिचा एक मोजासुद्धा कुणी शिवला नाही. त्याच सकाळी तिच्या स्टुलावरची उशी दुसरीने उचलली." मला दम लागला होता. "जाणाऱ्याचं काम कुणी करून ठेवत नाही, डेस. परत येणाऱ्याचं करतात. मी बघितलं आज. त्या तिच्यापुढे एकेक ठेवतात, तिच्या हातासाठी थांबतात, आणि नाहीच हलला तर तिच्या वतीने मारतात. न्यायचं असतं तर एवढं कशाला करतील? जागा धरलीय तिची. आणि तू उद्या तिला उठवून दुसरीकडे बसवणार!"

सिग्नल हिरवा झाला. डेस हलला नाही. मागे भोंगे वाजायला लागले.

"हिरवा झालाय, बाळा," आजोबा म्हणाले.

"होऊ दे," पिशव्यावाली म्हणाली.

"आणि तू चुकत असशील तर?" डेसने विचारलं. आवाज एवढासा झाला होता.

मला काय माहीत? मी शाळा लवकर सोडलेली बाई. फटीतून एक कोपर बघितलं, त्याच्या जोरावर एका माणसाच्या बायकोचं भवितव्य ठरवायला निघाले होते.

"चुकत असेन तर त्या होममध्येही येतील," मी म्हटलं. "त्यांना काय बसचा पास लागतो?"

डेसने गियर टाकला. पुढच्या थांब्यावर मी उतरताना तो म्हणाला, "तिकीट काढलं नाहीस." मग बाहीने डोळे पुसले आणि दार लावलं.

८

शुक्रवारी सकाळी कौन्सिलची मिस हॅलम आली. तरुण, सडसडीत, आवाजाने फार मऊ. माणूस म्हणून वाईट नव्हती. थेल्माच्या हाताचं एकेक बोट उचलून सोडलं, नखावर पेन्सिल दाबली. "दुखतंय का, मिसेस गॅम्बल? थोडं तरी?" हात पडून राहिला. मी दाराशी उभी राहून तो हात डोळ्यांनी उचलायचा प्रयत्न करत होते.

"ती घरीच राहील," डेस म्हणाला.

"मिस्टर गॅम्बल, तुमच्या मनातलं मला कळतं. पण मला जे दिसतं तेच लिहावं लागतं." ती खुर्चीत बसली आणि पेन्सिल खाली ठेवून पेन काढलं. "आणि तुम्ही दिवसभर बसवर असणार. रागावू नका."

सही डेसने केली नव्हती. पण तिने 'हातात जीव नाही' असं लिहिलं असतं तर मदतीचं माणूस आलं नसतं, आणि माणसाशिवाय तो किती दिवस तग धरणार होता? ते मला कळत होतं, त्याला कळत होतं, आणि मला वाटतं थेल्मालाही. अशा वेळी मला एकच गोष्ट येते.

"मी चहा टाकते," मी म्हटलं. "मिस हॅलम, दूध किती?"

"त्यांना पण."

आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा. मिस हॅलमचं पेन थांबलं. डेस खुर्चीवरून अर्धा उठला आणि तसाच राहिला. उन्हाळ्यापासून जिच्या तोंडातून एक अक्षर आलं नव्हतं, ती थेल्मा बोलली होती आणि माझ्याकडे बघत होती. नाराज होऊन. पाहुणे बसलेत आणि तुला दिसत नाहीत का, असं.

"कोणाला, मिसेस गॅम्बल?" मिस हॅलमने विचारलं. तिने मान वळवून खोलीभर बघितलं. तिच्या शेजारची खुर्ची, खिडकीतला बाक, पलंगाची कड. सगळं रिकामं. तरी तिने आपली पर्स बाकावरून उचलून मांडीवर घेतली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

घरी आलेल्याला चहा विचारत नाही, अशी मी नाही. जिवंत असो की काही असो.

"हो गं बदके, त्यांना पण," मी म्हटलं. "किती कप?"

थेल्मा विचार करत होती. तिने एकदा उजवीकडे बघितलं, एकदा डावीकडे. ओठ हलले, पण आकडा काही येईना. मग मेजावर तो हात दिसला, डावा, लाकडासारखा. त्याचं पहिलं बोट वर आलं. अगदी हळू, कुणीतरी खालून आधार देत असल्यासारखं. मग दुसरं. तिसरं थरथरत राहिलं, पडतंय की काय वाटलं, आणि उभं राहिलं. मग चौथं.

डेस रडत होता, आवाज न करता, टोपी तोंडावर धरून. मिस हॅलमने कागदावरचं काहीतरी खोडलं, आणि परत पहिल्यापासून लिहायला घेतलं.

मी स्वयंपाकघरात गेले. ती झडप बंद होती; मी ती बंदच ठेवली. कपाटातले चांगले कप काढले, सोनेरी कडेचे. आमच्यासाठी, आणि वर चार. बिस्किटांचा नवा पुडा फोडला. ट्रे घेऊन खोलीपाशी आले तेव्हा आत कुणीतरी हळूच हसलं, आणि त्यात एक हसू थेल्माचं होतं.

त्या घरात मी आजवर कुठल्याही दारावर थाप मारलेली नाही. किल्लीच असते माझ्याकडे. त्या दिवशी मी ट्रे कमरेवर टेकवला, दारावर बोटांनी टकटक केली, आणि आतून कुणीतरी 'ये' म्हणेपर्यंत बाहेर थांबले.